बिळाचा ‘अर्थ’ : एका विसरलेल्या क्रियापदाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ बरेचसे कापलेत. सगळे नाही, कारण मग तो मी बोललोय असं वाटणार नाही.

आजचा शब्द तुमच्या घरातल्या भिंतीवर आहे. थ्री-पिन प्लगची ती वरची जाड पिन. अर्थिंगची. मी बी.टेक. केलेला माणूस, त्यामुळे ‘टू अर्थ’ हे क्रियापद माझ्यासाठी कायम तारेचं क्रियापद होतं. यंत्रात भलतीकडे आलेली वीज जमिनीत सोडून देणं, म्हणजे ‘अर्थ’ करणं. वायरमनसुद्धा म्हणतो, “साहेब, अर्थ दिलेला नाही इथे.”

पण इंग्रजी शब्दकोशात याच क्रियापदाचा एक अर्थ विजेच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो आता फारसा कुणी वापरत नाही. तो अर्थ असा: पाठलाग होत असलेल्या जनावराने बिळात शिरणं. ‘द फॉक्स अर्थ्ड’, म्हणजे खोकड बिळात गेलं. गंमत म्हणजे हे क्रियापद उलट बाजूनेही चालतं. ‘द हाउंड्स अर्थ्ड द फॉक्स’, म्हणजे शिकारी कुत्र्यांनी खोकडाला बिळात शिरायला भाग पाडलं. खोकडाच्या बिळालाच इंग्रजीत ‘अर्थ’ म्हणतात. नामही तेच, क्रियापदही तेच.

(देवनागरीत लिहिताना घोळ होणार, हे मला दिसतंय. म्हणून ठरवून टाकू: अवतरणचिन्हातला ‘अर्थ’ इंग्रजी, उघडा अर्थ मराठी.)

हे क्रियापद विस्मरणात गेलं, पण त्याची पोरंबाळं जोरात आहेत. ‘रन टू अर्थ’ म्हणजे पिच्छा पुरवून शेवटी गाठणं. ‘गो टू ग्राउंड’ म्हणजे फरारी माणसाने गायब होणं. आणि सगळ्यात यशस्वी अपत्य म्हणजे ‘अनअर्थ’. पत्रकार घोटाळा ‘अनअर्थ’ करतात, पुरातत्त्ववाले नगर ‘अनअर्थ’ करतात. या शब्दाचा शिकारीतला वापर मात्र वेगळा आहे: बिळात लपलेल्या जनावराला बाहेर काढणं.

तर आजचा प्रश्न साधा आहे. बिळात शिरायला आणि बिळातून काढायला इतकी वेगवेगळी क्रियापदं इंग्रजीला का लागली? आणि ती कुणी घडवली? उत्तर देताना आपण बिळापासून सुरुवात करून थेट कायद्यात, बंडात आणि फाशीपर्यंत जाणार आहोत. मी वाढवून सांगत नाहीये.

प्रत्येक जनावराला वेगळं क्रियापद

१६७४ साली निकोलस कॉक्स नावाच्या गृहस्थाने ‘द जेंटलमन्स रिक्रिएशन’ नावाचं पुस्तक काढलं. शिकार, बहिरी ससाणे, मासेमारी असे सद्गृहस्थाचे छंद. त्यात शिकारीच्या भाषेच्या याद्या आहेत. कुठलं जनावर विश्रांतीला जातं तेव्हा काय म्हणायचं, आणि त्याला तिथून उठवायचं तेव्हा काय म्हणायचं.

त्या यादीप्रमाणे नर सांबरासारखं मोठं हरीण ‘हार्बर’ करतं, जणू बंदराला लागतं. मार्टेन झाडावर जातो म्हणून तो ‘ट्री’ करतो. रानडुक्कर ‘काउच’ करतं. खोकड ‘केनेल’ करतं. आणि ‘अर्थ’ कोण करतो? बॅजर. बॅजर म्हणजे युरोपातला तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, जबरदस्त बिळं खणणारा प्राणी. म्हणजे या यादीत आपलं क्रियापद बॅजरकडे आहे. पुढे खोकडाने त्यावर ताबा मिळवला, आणि हे अगदी खोकडाच्या स्वभावाला धरून झालं. कारण खोकड बऱ्याचदा बॅजरच्या किंवा सशाच्या तयार बिळातच राहतं. आपल्याकडे यासाठी म्हण तयारच आहे: आयत्या बिळावर नागोबा. इथे क्रियापदसुद्धा आयतं.

उठवण्याची यादीही अशीच. सशाला बिळातून उधळायचं तर ‘बोल्ट’. बॅजरला सरळ ‘डिग’. खोकडाला ‘अनकेनेल’. हा ‘अनकेनेल’ शेक्सपिअरने ‘हॅम्लेट’मध्ये वापरलाय. नाटकातलं नाटक चालू असताना काकाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेव, असं हॅम्लेट मित्राला सांगतो. काकाच्या मनात दडलेला गुन्हा बाहेर पडतो का ते बघायचं असतं. त्यासाठी क्रियापद निवडलंय ते खोकडाला हुसकून काढायचं. म्हणजे ‘लपलेलं सत्य हे बिळातलं जनावर आहे’ ही कल्पना तेव्हाच भाषेत शिरलेली होती.

इथे एक थांबा घेऊ, कारण मराठीत आपली थोडी गडबड होते. शाळेत आपण ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा असं शिकतो. पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत खोकड हा चांगला शब्द आहे, म्हणून मी तोच वापरतोय. सशाचंही तसंच. महाराष्ट्राच्या माळावर दिसतो तो ससा म्हणजे ‘हेअर’. तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. बीळ खणणारा तो ‘रॅबिट’, युरोपातला. पुढची सगळी गोष्ट या बिळवाल्या सशाची आहे.

ज्याचं बीळ माणसाने खणून दिलं

आज इंग्लंड म्हटलं की हिरवं कुरण आणि त्यात ससे. पण हा ससा तिथे नॉर्मन लोकांनी आणून वसवला, साधारण बाराव्या शतकाच्या सुमारास. मांस आणि कातडं, दोन्ही महाग. आणि हा प्राणी तेव्हा इतका नाजूक होता की इंग्लंडच्या ओल्या थंडीत, चिकट मातीत त्याला बीळसुद्धा धड खणता येईना. मग माणसांनी त्याच्यासाठी बिळं खणली. भुसभुशीत मातीचे उशीसारखे लांबट ढिगारे रचायचे, आत बोगद्यांची सोय करून ठेवायची. हे ढिगारे अजून दिसतात. डार्टमूरच्या माळरानावर ते भरपूर आहेत.

अशा राखीव रानाला ‘वॉरन’ म्हणत. ‘फ्री वॉरन’ हा राजाने द्यायचा हक्क होता. म्हणजे तुमच्या जमिनीवरच्या लहान शिकारीवर तुमचाच अधिकार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आपल्याकडच्या वतनाच्या सनदेसारखंच प्रकरण. सरदार, बिशप, मठ यांच्याकडे असे हक्क असत. नॉरफोकमधल्या थेटफर्डला सुमारे १४०० सालची वॉरनच्या राखणदाराची दुमजली दगडी गढी अजून उभी आहे. ती मठाच्या प्रमुखाने बांधली. जाड भिंती, अरुंद खिडक्या. कशासाठी? सशांच्या राखणीसाठी! शत्रू म्हणजे सैन्य नाही, शेजारच्या गावातला भुकेला माणूस.

आणि ससे पकडायचे कसे? तर फेरेटने. फेरेट म्हणजे मुंगसासारख्या लांबट अंगाचा पाळीव प्राणी. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, फेरेटला एका भोकातून आत सोडायचं. आत तो दिसला की ससा जीव घेऊन दुसऱ्या भोकातून उधळतो आणि थेट जाळीत. हे ते ‘बोल्ट’. फेरेट या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘चोर’ या अर्थाच्या शब्दात आहे. फेरेट म्हणजे छोटा चोर. पुढे ‘फेरेट आउट’ हेही क्रियापद झालं: कोपऱ्याकोपऱ्यात घुसून माहिती काढणं.

आता लक्षात घ्या, फेरेट खिशात मावतो, आवाज करत नाही आणि एका रात्रीत घरच्यांची आठवडाभराची सोय करू शकतो. गरिबासाठी याहून चांगलं हत्यार नाही. आणि मालकासाठी याहून मोठी डोकेदुखी नाही.

सेंट ऑल्बन्स, जून १३८१

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथला मठ इंग्लंडमधल्या बलाढ्य मठांपैकी एक. गाव मठाच्या मालकीचं. गावकऱ्यांनी धान्य दळायचं ते मठाच्या गिरणीत, पैसे मोजून. घरात जातं ठेवायचं नाही. रानात शिकार करायची नाही.

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मठाचा प्रमुख होता रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. इंजिनिअर लोकांनी हे नाव लक्षात ठेवावं. लोहाराचा मुलगा, मोठा गणिती, आणि ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं अचाट यांत्रिक घड्याळ रचणारा माणूस. याच बुद्धिमान माणसाने गावकऱ्यांच्या घरातली जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. तक्रार घेऊन आलात तर आधी आपल्याच जात्यावर पाय देऊन उभे राहा. अपमान करायला सुद्धा इंजिनिअरिंग लागतं, दुर्दैवाने.

मग १३८१ च्या जूनमध्ये इंग्लंडभर शेतकऱ्यांचं बंड पेटलं. सेंट ऑल्बन्समध्ये विल्यम ग्राइंडकॉब नावाच्या पुढाऱ्याच्या मागे लोक मठात घुसले. त्यांनी ती फरशी फोडली आणि दगड उकरून काढले. त्यांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे एकमेकांत वाटून घेतले. प्रत्येकाने आपल्या जात्याचा एक तुकडा घरी नेला.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मोकळ्या रानात गर्दीने एक जिवंत ससा पकडला. तो मिरवत गावात आणला आणि चव्हाट्यावर, गुन्हेगाराची मान अडकवून उभं करायच्या लाकडी सांगाड्यावर, सगळ्यांना दिसेल असा बांधला. हा आता आमचा हक्क, ही त्याची खूण. सनद वाचता न येणाऱ्या माणसांनी ससा हीच सनद केली.

माझ्या डोक्यातून तो ससा जात नाही. एकीकडे हक्काचं निशाण, दुसरीकडे एक जिवंत, घाबरलेलं जनावर, ज्याला यातलं काहीच कळत नाहीये.

महिन्याभरात सगळं उलटलं. जुलैमध्ये राजा दुसरा रिचर्ड स्वतः सेंट ऑल्बन्सला आला. बंडाचा धर्मोपदेशक जॉन बॉल याला तिथेच हालहाल करून मारलं. ग्राइंडकॉबला फाशी दिलं. मिळालेले हक्क परत गेले. आणि आपल्याला ही सगळी हकिकत कुणाकडून कळते? थॉमस वॉल्सिंगहॅमकडून. तो त्याच मठातला संन्यासी होता आणि बंडखोरांचा त्याला मनापासून तिटकारा होता. सशाची गोष्टही वॉरनच्या मालकाच्या माणसानेच लिहून ठेवली.

आता नऊ वर्षं पुढे या. १३९० मध्ये संसदेने कायदा केला. ज्याच्याकडे वर्षाला किमान चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नाही, अशा सामान्य माणसाने शिकारी कुत्रा, फेरेट, जाळी यातलं काहीही ठेवायचं नाही. धर्मगुरूंसाठी अट वर्षाला दहा पौंडांची. कारण काय दिलंय बघा: कारागीर आणि मजूर सणाच्या दिवशी चर्चला न जाता दुसऱ्यांच्या वॉरनमध्ये शिकारीला जातात, आणि त्या निमित्ताने एकत्र जमून बंडाची खलबतं करतात. म्हणजे सरकारला भीती सशाची नव्हती. बिळाभोवती जमून, खाली वाकून, हळू आवाजात बोलणाऱ्या माणसांची होती.

आणि योगायोग असा की याच सेंट ऑल्बन्स गावात, बंडानंतर शंभरएक वर्षांनी, १४८६ मध्ये एक पुस्तक छापलं गेलं. ‘द बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’. बहिरी ससाणे, शिकार आणि घराण्यांची मानचिन्हं यावरचं. इंग्रजीत सिंहांच्या कळपाला ‘प्राइड’ म्हणतात, तसल्या शब्दांची प्रसिद्ध यादी याच पुस्तकात आहे. सशांच्या समूहासाठी त्यात दिलेला शब्द बिळाच्या शब्दावरूनच आलाय. म्हणजे ज्या गावात एका सशासाठी माणसं मेली, त्याच गावातून सशाला काय म्हणणं सभ्य आणि काय अडाणीपणाचं, याचं पुस्तक निघालं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. इतकी क्रियापदं जनावरांसाठी लागली नाहीत. ती माणसामाणसांत फरक करायला लागली. ‘हार्बर’ कुठे, ‘अर्थ’ कुठे, ‘बोल्ट’ कुठे हे ज्याला अचूक माहीत, तो शिकारीचा हक्कदार. ज्याला नाही, तो चोर. एक प्रकारचा पासवर्डच म्हणा ना.

हक्काची रेघ वर सरकत गेली

पुढची चारशे वर्षं पटकन घेतो. १६७१ च्या शिकार कायद्याने मालकी हक्काच्या जमिनीची अट वर्षाला शंभर पौंड उत्पन्नापर्यंत नेली. १७२३ मध्ये आला तो कुप्रसिद्ध ‘ब्लॅक ॲक्ट’. तोंडाला काजळी फासून, हत्यारासह वॉरनमध्ये शिरलात तर शिक्षा मृत्युदंड. सशांच्या रानासाठी! हा कायदा जवळपास शंभर वर्षं टिकला. आणि कुळांना, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांना, आपलंच पीक खाणारे ससे मारायचा हिरावून न घेता येणारा हक्क मिळाला तो १८८० मध्ये. चव्हाट्यावरच्या त्या सशापासून मोजलं तर ४९९ वर्षांनी.

कंदील घेऊन जाणारा माणूस

आता खोकडाकडे. बराच काळ खोकड म्हणजे कोंबड्या पळवणारं उपद्रवी जनावर, दिसलं की मारा. पण जंगलं कमी झाली, हरणं घटली आणि अठराव्या शतकात घोड्यावरून खोकडामागे धावणं हा बड्या लोकांचा मुख्य खेळ झाला. लेस्टरशरमध्ये ह्यूगो मेनेल याने १७५३ पासून जवळजवळ अर्धशतक आपली कुत्री सांभाळली आणि वेगवान धावणाऱ्या जातीची जोपासना केली. मैलोन् मैल दौड, कुंपणांवरून उड्या, शिंगाचा आवाज.

पण या सगळ्या थाटामाटात एक तांत्रिक अडचण होती, आणि ती म्हणजे आपलं क्रियापद. खोकड दहा मिनिटांत ‘अर्थ’ झालं तर खेळ खलास! साहेब लोक पन्नास घोडे घेऊन एका भोकाभोवती उभे.

यावर उपाय म्हणून एक नोकरी निर्माण झाली: ‘अर्थस्टॉपर’. खोकड रात्री भक्ष्य शोधायला बाहेर पडतं. शिकारीच्या आदल्या रात्री हा माणूस कंदील, फावडं आणि एखादा कुत्रा घेऊन निघायचा आणि परिसरातली बिळं एकेक करून काटक्या-मातीने बुजवायचा. खोकड पहाटे परत येतं तर घराला दार नाही. मग ते उघड्यावरच कुठेतरी झुडपात पडून राहतं. सकाळी शिकार सुरू होते.

डर्बीचा चित्रकार जोसेफ राइट याने १७७३ मध्ये या माणसाचं चित्र काढलंय. डरवेंट नदीचा काठ, रात्र, ढगांमागे चंद्र, आणि खाली कंदिलाच्या पिवळ्या उजेडात वाकून काम करणारा एकटा माणूस. हे चित्र आज डर्बीच्या संग्रहालयात आहे. खोकडाच्या शिकारीची चित्रं म्हणजे एरवी लाल कोट आणि उमदे घोडे. इथे तसलं काही नाही. दुसऱ्या दिवशीच्या मजेसाठी रात्रपाळी करणारा कामगार आहे. प्रॉडक्शन सपोर्टला रात्री जागलेल्या मंडळींना हे चित्र लगेच कळेल.

आणि एवढं करूनही एखादं खोकड ‘अर्थ’ झालंच तर? मग टेरिअर. या कुत्र्याचं नावच जमिनीवरून पडलंय, लॅटिन ‘टेरा’ म्हणजे भूमी. लहान अंगाचा, बिळात घुसणारा. तो आत जाऊन भुंकतो, माणसं वरून खणतात. हे झालं ‘अनअर्थ’. आज आपण पुरस्कारप्राप्त बातमीसाठी वापरतो तो शब्द. त्याच्या मुळाशी खाली कोंडलेलं जनावर, त्याच्या तोंडासमोर भुंकणारा कुत्रा आणि वर फावड्यांचा आवाज आहे.

यातला सगळ्यात अजब भाग पुढे आहे. खोकडं कमी पडायला लागली तेव्हा शिकारी मंडळींनीच विटांची, नळांची कृत्रिम बिळं बांधली, खोकडांनी आपल्या भागात राहावं म्हणून. म्हणजे घर बांधून द्यायचं, रात्री दार बंद करायचं आणि सकाळी पळायला लावायचं. मग हा उपद्रवी जनावराचा बंदोबस्त की करमणूक? हा प्रश्न न्यायालयातही गेला. १७८६ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की खोकड उपद्रवी आहे, तेव्हा त्याच्यामागे दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं तर चालेल. १८०९ मध्ये लॉर्ड एलेनबरो यांनी हा युक्तिवाद उडवून लावला. तुम्ही धावताय ते मजेसाठी, असा त्याचा मथितार्थ.

आपला कोल्हा आणि ‘बाप रे’

हा खेळ साहेबाबरोबर भारतातही आला. इथे मान मिळाला आपल्या कोल्ह्याला. निलगिरीत उटकमंडला तर कोल्ह्यामागे धावणाऱ्या शिकारी क्लबची मोठी परंपराच झाली. तरुण अधिकाऱ्यांना विलायती कुत्री परवडत नसत. मग मिळेल ती, कुठल्याही जातीची कुत्री जमवायची आणि कोल्ह्यामागे सोडायची. या गोतावळ्याला ‘बॉबरी पॅक’ म्हणत. आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशात या ‘बॉबरी’चं मूळ काय दिलंय? ‘बाप रे!’ तो कोश सांगतो की इथल्या माणसांचा हा उद्गार साहेबाच्या कानाला तसा ऐकू आला आणि गोंधळ, दंगा या अर्थाने रूढ झाला. पन्नास गावठी कुत्री बोंबलत शेतातून जाताना बघून शेतकरी दुसरं काय म्हणणार?

शब्द बिळाबाहेर आला

१९१७ मध्ये मेरी वेब यांची ‘गॉन टू अर्थ’ ही कादंबरी आली. खोकड बिळात गेल्यावर शिकारी जी आरोळी देतात, तेच हे नाव. तिची नायिका हेझल, रानात वाढलेली मुलगी, एक खोकड पाळते. शेवटी शिकारी कुत्री त्या खोकडामागे लागतात, ती त्याला छातीशी धरून पळते आणि दोघंही खाणीच्या खड्ड्यात कोसळतात. १९५० मध्ये यावर पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी चित्रपटही केला. वेब बाईंनी काय केलं? ते क्रियापद आतल्या बाजूने वापरलं. पळणाऱ्याच्या बाजूने. आणि तिकडून बघितल्यावर ‘अर्थ’ होणं म्हणजे सुटका आणि मरण, दोन्ही एकदम.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी खोकडाची शिकार करण्यावर ‘हंटिंग ॲक्ट २००४’ने बंदी आली. तो १८ फेब्रुवारी २००५ ला लागू झाला. बिळात एक टेरिअर सोडायची छोटी सवलत शिल्लक आहे, तीही शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरती आणि अटींसह. पण बॅजरची बिळं शिकारीसाठी तात्पुरती बुजवायची जी सूट १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्यात होती, ती याच कायद्याने काढली. कंदीलवाल्या माणसाचं काम कायद्याच्या पुस्तकातून असं एका ओळीत गेलं.

मराठीने काय जपलंय

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा शब्द निवडला. ‘अनअर्थ’ला मराठीत अगदी जुळणारं क्रियापद आहे: उकरून काढणं. जनावर पंजाने, नखाने माती उकरतं तेच हे उकरणं. पण वापर बघा. इंग्रजीत ‘अनअर्थ’ शाबासकीचा शब्द झालाय. मराठीत आपण म्हणतो, “जुनी भांडणं कशाला उकरून काढतोस?” घरात कुणी हे वाक्य बोललं की कळतं, विषय दुखरा आहे. ‘फेरेट आउट’ला जुळणारं आपलं ‘खोदून खोदून विचारणं’. तेही कौतुकाने म्हणत नाहीत. खोदून खोदून विचारणाऱ्या काकू कुणालाच आवडत नाहीत. आणि ‘पोखरणं’? आतून बीळ करत जाणं. तेही वाईटच.

शोधाचं कौतुक करायचं असेल तर मराठी दुसरे शब्द काढते. छडा लावणं, शोधून काढणं, उजेडात आणणं. म्हणजे आपल्या भाषेने दोन खाती वेगळी ठेवली. सत्य शोधणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या बिळात हात घालणं वेगळं. इंग्रजीत ही दोन खाती मिसळली, कारण तिथे बिळाची भाषा मुख्यतः बाहेर उभ्या असलेल्यांनी घडवली: ज्यांच्याकडे जमीन होती, कुत्री होती, आणि रात्री बिळं बुजवायला पगारी माणूस होता. ज्याने फेरेट खिशात लपवला, त्याचे शब्द पुस्तकात आले नाहीत.

आणि तरीही मला ‘उकरून काढणं’ हे फक्त वाईटही वाटत नाही. कारण सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी मठाची फरशी फोडून आपल्या जात्याचे दगड काढले, तेही उकरून काढणंच होतं. जुनं दुखणं होतं, जुनं भांडण होतं, आणि ते उकरणं गरजेचं होतं. मठातल्यांना तेव्हा नक्की वाटलं असेल, कशाला आता जुनं उकरून काढताय?

म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘अनअर्थ’ वाचाल किंवा घरात “उकरून काढू नकोस” ऐकाल, तेव्हा दोनच प्रश्न विचारा. बिळात कोण आहे? आणि फावडं कुणाच्या हातात आहे? शब्द तोच राहतो, पण या दोन उत्तरांनी त्याचा अर्थ बदलतो. इथे अवतरणचिन्ह नाही, हे बघून घ्या.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावाकडे बिळाला, घळीला, ढोलीला, वारुळाला काय काय म्हणतात आणि त्यात शिरण्या-काढण्याची काही खास क्रियापदं आहेत का, ते नक्की कळवा. कोकणात खेकडे काढणाऱ्यांकडे आणि देशावर उंदरांची बिळं खणणाऱ्यांकडे असे शब्द असणार, याची मला खात्री आहे. ते जमले तर त्यांच्यावर एक वेगळा भाग करू. तोवर, भेटत राहू!